साठ अंशाचं पातं

मॅडम दुफी आधी पातं बघतात, मग माणूस.
दाराच्या उजेडात भिंगाखाली टोक धरतात.
सुआमेच्या गल्लीत सकाळपासून इतके हातोडे चालतात
की शब्द ओठांवरून वाचावे लागतात.
मी वाचते : "गेलं."

गेलं म्हणजे मोडलं नाही.
मिठाच्या कणाहून बारीक एक टवका
कुठल्याशा चर्चच्या नावात, कुठल्याशा वळणावर राहून गेला.
तेव्हापासून गोल अक्षराचं तोंड मिटत नाही,
नको ते सोलावं तर हवं तेही सोबत निघून येतं.
मी महिनाभर दाब वाढवत होते.
"बोथट पात्यावर दाब म्हणजे बहिऱ्याच्या कानात ओरडणं," मॅडम म्हणाल्या,
"त्याला ऐकू येत नाही, शेजारी तेवढे जागे होतात."
शेजारी म्हणजे खालचा कागद.
तोही कापला गेला
की अक्षराला उभं राहायला जमीन नाही.

पेपरमिंटच्या डबीत पाती.
"टोपीच्या रंगावर जाऊ नकोस, दर कंपनीचा रंग निराळा. कोन बघ.
पंचेचाळीस रोजचं, भाजीभाकरीचं.
साठ जाड कातडीसाठी : चमकता कागद, मखमल.
खोल जातं ते, पण त्याचं टोक नाजूक.
माणसांतही..."
पुढचं त्यांनी गिळलं.

हार्मटानची धूळ होल्डरमध्ये जाऊन बसते.
फुंकायची, तेलाचा एक थेंब,
आणि पातं स्वतःभोवती गरकन फिरतंय ना, बघायचं.
अडलं, की अक्षर वळणावर लंगडतं.
बाहेर किती काढायचं?
नखाची कड असते ना, तिच्या निम्मं.

त्या दिवशी क्वाकू बार्निएनं आपली ट्रोट्रो
उलटी घालत थेट दारात आणली.
मागच्या काचेवर लाल अक्षरं, आम्हीच कापलेली,
सहा वर्षांच्या उन्हात गुलाबी झालेली :
अजून माझी नाही.
कमवा नि फेडा. रोजचा हप्ता मालकाच्या हातात,
रविवारीसुद्धा.
काल शेवटचा दिला.

"चांदीत हवं. रात्री दिव्यात चमकेल असं."
"काय लिहू?"
ते त्यानं ठरवलंच नव्हतं.

मॅडमनी साठचं एकुलतं पातं उघडलं,
अक्राहून मागवलेलं, माझ्या तीन दिवसांच्या जेवणाच्या किमतीचं.
चाचणीचा चौकोन कापला, आत त्रिकोण.
नखानं उचलला तर अख्खा आला, चारी कोपरे शाबूत.
बार्निए बाकावर बसून म्हणी आठवत होता,
देवाची नावं, आईचं नाव, एका फुटबॉल क्लबचं.
तेवढ्यात वीज गेली.
गल्लीतले अर्धे आवाज एकदम गळून पडले.

तो बाहेर जाऊन काचेसमोर उभा राहिला.
बराच वेळ. मग मला हाक मारली :
"पहिला शब्द काढ. शेवटचाही."

मी ते गेलेलं पातं घेतलं,
जुन्या पेनात खोचून ठेवलेलं.
कापत नाही, पण कोपरा उचलायला त्याच्यासारखं दुसरं नाही.
'अजून' एका पट्टीत निघाला, सापाच्या कातेसारखा.
'नाही' मात्र उन्हानं भाजून कडक झालेला,
त्याचे चाळीस तुकडे केले, माझी दोन नखं गेली.

मधे उरलं : माझी.
फिकट. जरा उखडलेलं.
आणि दोन्ही बाजूंना, जिथे शब्द होते, तिथे काच जास्त काळी.
तिरक्या उजेडात सगळं वाक्य अजून वाचता येत होतं.

मॅडम दारातून म्हणाल्या, "शंका मागे राहिली."
"बसू दे," बार्निए म्हणाला, "तिचंही भाडं भरून झालंय."

किती द्यायचे म्हणाला.
मॅडमनी खूप विचार केला. न कापण्याचा दर आमच्याकडे नव्हता.
शेवटी त्यानं चाचणीचा तो चौकोन मागून घेतला,
स्टिअरिंगच्या वर चिकटवला, अंगठ्यानं दाबला,
पुन्हा दाबला.

अंधार पडल्यावर वीज आली.
यंत्राचं डोकं खडखडत आपल्या घरी, डाव्या कोपऱ्यात गेलं.
मॅडम साठला टोपी घालत पुटपुटत होत्या,
उगाच उघडलं, उगाच उघडलं,
आणि मी पंचेचाळीस बसवत होते :
सकाळपर्यंत शीतगृहाचे तीस मासे कापायचे होते,
प्रत्येकाला खवले.